मेगापिक्सेल तेवढेच, मग नव्या कॅमेऱ्यात सुधारले काय?

प्रश्न : कबड्डी सामन्यांची छायाचित्रे मी कॅनन ईओएस १डी एक्स मार्क २ या कॅमेऱ्याने काढतो. वापरलेला मार्क ३ मला मिळू शकतो. परंतु दोन्हींचे मेगापिक्सेल जवळजवळ सारखेच असताना तो घेण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : या श्रेणीतल्या कॅमेऱ्याची पारख मेगापिक्सेलवरून करू नये. २०१६ च्या मार्क २ मध्ये २०.२ आणि २०२० च्या मार्क ३ मध्ये २०.१ मेगापिक्सेल आहेत हे खरे, पण मोठी सुधारणा फोकसमध्ये झाली आहे. व्ह्यूफाइंडरमधले, म्हणजे डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतले, फोकस बिंदू ६१ वरून १९१ झाले असून त्यांपैकी १५५ क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषांवर फोकस साधणारे आहेत. त्याहून मोलाचे म्हणजे हा कॅमेरा चेहऱ्याबरोबर डोकेही ओळखतो. पकडीतून सुटू पाहणारा चढाईपटू मान खाली घालून मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचा चेहरा दिसतच नाही. अशा क्षणी फोकस बचावपटूच्या खांद्यावर सरकण्याचा धोका यामुळे कमी होतो. तुमच्या कामासाठी हे एकच कारण मला पुरेसे वाटते.

व्ह्यूफाइंडरमधून काढताना वेग सेकंदाला १४ वरून १६ छायाचित्रे इतकाच वाढला आहे. जाहिरातीतला २० चा वेग आरसा वर उचलून, मागच्या पडद्यावर पाहत काढतानाच मिळतो, आणि लांब लेन्स हातात धरून तसे काम करणे अवघडच. बफरमधला, म्हणजे छायाचित्रे कार्डावर जाईपर्यंत साठवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीतला, फरक मात्र लगेच जाणवेल : मार्क २ सुमारे १७० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) छायाचित्रांनंतर मंदावतो, तर मार्क ३ एका दमात हजारावर रॉ छायाचित्रे टिपतो. त्यासाठी दोन्ही खाचांत सीएफएक्स्प्रेस कार्डे लागतात. तुमची सीएफ आणि सीफास्ट कार्डे तेथे चालणार नाहीत, तेव्हा नव्या कार्डांचा आणि रीडरचा खर्च किमतीत आधीच धरावा. बॅटरी तीच एलपी-ई१९ असल्याने जुन्या बॅटऱ्या कामी येतील.

आयएसओची, म्हणजे प्रकाशाला असलेल्या संवेदनशीलतेची, मूळ मर्यादा ५१२०० वरून १०२४०० झाली असली, तरी केवळ तिच्यासाठी पैसे मोजू नयेत. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा चालले आहे याची खातरजमा अवश्य करावी. मार्क ३ चे शटर ५ लाख वेळांसाठी प्रमाणित आहे.