गुळवेल : कुणाला, किती आणि कधीपर्यंत?

प्रश्न : माझ्या सासूबाई 64 वर्षांच्या आहेत. गणपतीच्या सुमारास त्यांना डेंग्यू झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ताप नाही, प्लेटलेट्सही भरल्यात, पण अंगात त्राण म्हणून नाही. जिना चढल्या की तिथंच टेकतात, जेवण दोन घासांवर आलंय. दिरांनी गिलॉय म्हणजे गुळवेलीच्या ज्यूसची बाटली आणली, ती सकाळी उपाशीपोटी देते. शेजारच्या काकूंनी कडुनिंबावरची गुळवेल दिली, तिचा काढा संध्याकाळी. मेडिकलमधून घनवटीही आणल्यात. त्यांना थायरॉईडची आणि शुगरची गोळी बऱ्याच वर्षांपासून आहे. गुळवेल रोजच चालू ठेवली तर प्रतिकारशक्ती टिकून राहील ना? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, तुम्ही तीन औषधं देत नाही आहात, एकच औषध तीन वाटांनी त्यांच्या पोटात जातंय. त्यातली घनवटी दिसायला सगळ्यात लहान, पण घन म्हणजे काढा आटवून आटवून उरलेला अर्क. एका गोळीमागे बरीच वेल असते. वर ज्यूस, वर काढा. हे तिन्ही आजच्या आज थांबवा. कायमचं नव्हे, निदान रक्ताचे रिपोर्ट हातात येईपर्यंत.

कारण सांगते. डेंग्यूत सगळ्या घराचं लक्ष प्लेटलेट्सवर असतं. सकाळी किती, संध्याकाळी किती, पपईच्या पानाचा रस दिला का, हेच चाललेलं असतं. पण या तापात यकृतालाही मार बसतो. एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे घटक, ते वाढलेले सापडणं डेंग्यूत नेहमीचं आहे. ताप उतरल्यावर ते हळूहळू खाली येतात, पण आले की नाही हे पुन्हा तपासायला कुणी जात नाही. सासूबाईंची अन्नावरची वासना गेलीय असं तुम्ही लिहिलंत, तिथं मी थबकले. त्यांचं यकृत अजून सावरलेलं आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मी त्यांना कुठलाच काढा लिहून देणार नाही, गुळवेलीचा तर नाहीच.

दुसरी गोष्ट थायरॉईडची. आपल्याकडे मोठ्या माणसांत थायरॉईड कमी पडण्याचं सर्रास आढळणारं कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच त्या ग्रंथीवर केलेला हल्ला. डॉक्टर त्याला ऑटोइम्यून म्हणतात. ज्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच नको तिथं हात उगारतेय, तिला आणखी चेव आणणारं औषध महिनोन्महिने द्यायचं का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल उकळत होती तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही. मग 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 6 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेत असताना यकृताला सूज आलेली, आणि काहींमध्ये ऑटोइम्यून खुणा सापडलेल्या. आयुष मंत्रालयानं लगेच उत्तर दिलं, की त्या रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती हे कुठं सिद्ध झालंय? तिच्यासारखी दिसणारी दुसरी असू शकते. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहिते. पण 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधून 43 रुग्णांचा अभ्यास आला. तेव्हा ‘झाडपाला आहे, काय होतंय’ असं म्हणून हात झटकता येत नाही.

माझ्या दवाखान्यात दोन्ही टोकांची माणसं येतात. एक म्हणतात, आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतो. दुसरे म्हणतात, गुळवेल विष आहे, अंगणातली उपटून टाकली. मला दोघांचाही सारखाच वैताग येतो. जे काहीतरी करतं ते चुकीच्या जागी चुकीचंही करणार. चरकांनी गुळवेल वयःस्थापन गणात, म्हणजे तारुण्य टिकवणाऱ्या औषधांत घातली, मेध्य म्हणजे बुद्धीसाठीच्या रसायनांत तिचा रस सांगितला, तेव्हा ती कुणाला, कशाबरोबर, कुठल्या अवस्थेत द्यायची याचाही विचार बरोबर होता. आम्ही कॉलेजात घोकलेला एक श्लोक आहे, त्यात हीच वेल तुपाबरोबर वातावर, साखरेबरोबर पित्तावर, मधाबरोबर कफावर, गुळाबरोबर मलावरोधावर, एरंडेलाबरोबर वातरक्तावर आणि सुंठीबरोबर आमवातावर सांगितलीय. ‘इम्युनिटीसाठी रोज सकाळी 30 मिली, सगळ्या घराला’ असलं काही त्यात नाही. कोविडवरच्या सरकारी आयुष मार्गदर्शिकेतसुद्धा गुडुची घनवटीची मुदत 15 दिवस ते महिना, किंवा वैद्य सांगतील तशी, एवढीच होती. रोजच्या रोज जन्मभर हे आपण आपल्या मनानं जोडलं.

आता करायचं काय? लिव्हर फंक्शन टेस्ट, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो), उपाशीपोटीची शुगर आणि बी-12 एवढं तपासून घ्या. आजारपणात थायरॉईडच्या गोळीच्या वेळा हमखास चुकतात, आणि टीएसएच वर गेला तरी माणूस असाच गळून जातो. सकाळी उपाशीपोटी ज्यूस देता असं लिहिलंत, थायरॉईडची गोळीही त्याच वेळची असणार. ती गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. ज्यूसही नाही. गुळवेल शुगरही थोडी खाली आणते. मधुमेहाची गोळी चालू, जेवण दोन घास, वर गुळवेल असं असेल तर दुपारी येणारी घेरी अशक्तपणाची असेलच असं नाही. घेरी आली की शुगर मोजा.

रिपोर्ट नीट आले आणि त्यांच्या डॉक्टरांचीही हरकत नसली, तर जवळच्या वैद्यांना प्रत्यक्ष दाखवून काढा सुरू करा. तो फक्त एकाच रूपात द्यायचा. करंगळीएवढ्या जाडीचा, चार बोटं लांबीचा ताजा तुकडा वरची पातळ साल खरवडून ठेचायचा, दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत उकळायचा, गाळून कोमट द्यायचा. गूळ-साखर त्यांना नको, चिमूटभर सुंठ चालेल. गुळवेल ओलीच वापरावी असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी सांगितलंय, त्यामुळे काकूंची वेल बाटलीपेक्षा केव्हाही बरी. दोन आठवडे द्या आणि थांबा. मधेच लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळट दिसले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नाचा वासही नकोसा झाला, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे न्या, आणि गुळवेल दिली होती हे न लाजता सांगा. घरचे हे सांगत नाहीत. ‘औषध काही चालू नाही’ म्हणतात, कारण काढ्याला ते औषध धरतच नाहीत.

आणि खरं सांगू का, ताप गेल्यावर माणसाला उठवून बसवतं ते जेवण. मुगाचं कढण, मऊ भात आणि त्यावर चमचाभर साजूक तूप, ताकात मुरवलेली भाकरी, पचायला लागलं की अंडं किंवा पनीर, दुपारी डाळिंबाचे दाणे. दोन घासच जात असतील तर दिवसातून सहा वेळा दोन-दोन घास द्या. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यांना जिना चढायला लावू नका, अंगणातच चालवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणावर गुळवेल पसरली आहे. ती खरीच गुळवेल आहे हे कसं ओळखायचं? नुसत्या हृदयाच्या आकाराच्या पानावरून ओळखता येते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नुसत्या पानावरून नाही. तसल्या पानाच्या ढीगभर वेली पावसाळ्यात कुंपणावर चढतात. तुम्ही खोड हातात घ्या. गुळवेलीची वरची साल तपकिरी आणि कागदासारखी पातळ असते, नखानं सोलून निघते, खाली हिरवंगार लागतं. सालीवर बारीक पुटकुळ्या असतात, पण विरळ. खोड आडवं कापलं की आत सायकलच्या चाकातल्या तारांसारख्या रेषा मधून कडेला गेलेल्या दिसतात. हाताला चिकट लागतं, चव कडू. जुन्या वेलीवरून सुतळीएवढी बारीक मुळं खाली लोंबतात. पानं गुळगुळीत असतात. पानावर लव असेल तर ती गुळवेलीची बहीण, औषधाला ती नको. आणि खोडावर हाताला टोचतील अशा दाट, मोठ्या गाठी असतील तर मुळीच वापरू नका. ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते आणि यकृताला बाधणारी म्हणून तिची नोंद आहे. आयुष मंत्रालयाचा रोख तिच्याकडेच होता.

खात्री नसेल तर एक फांदी पानांसकट घेऊन आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागात, म्हणजे औषधी वनस्पती शिकवतात तिथं, जा, किंवा वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखवा. तुमच्या ठाणे जिल्ह्यातच शहापूरकडचे कातकरी ही वेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवतात. त्यांच्या नजरेला दोन मिनिटं पुरतात, मला त्याहून जास्त लागतात. कुंपणाची म्हणून आणखी एक गोष्ट: सोसायटीत डासांची, वाळवीची फवारणी होते आणि कुंपणाशेजारी गटार असतं. ओळख पटली तर त्या वेलीचा वीतभर तुकडा कापून स्वच्छ मातीच्या कुंडीत खोचा. ती सहज जगते. औषधाला त्या कुंडीतली वापरा, आणि तीही खोड बोटाएवढं जाड झाल्यावरच.

प्रश्न : गुळवेल सत्त्व बाजारात फार स्वस्त मिळतं. ते खरं असतं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : फार स्वस्त असेल तर शंका घ्या. ओली वेल ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायची, कुस्करून गाळायची, पाणी निवळलं की तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा, ते सत्त्व. ढीगभर वेलीतून मूठभर निघतं. तो साका मुळात पिष्टच असल्यामुळे त्यात दुसरं कुठलंही पीठ बेमालूम मिसळतं, आणि आयोडिनचा थेंब टाकून काही कळत नाही, कारण खरं आणि खोटं दोन्ही निळंच होतं. पावसाळा संपल्यावर घरी थोडं काढून पाहा. मग दुकानातली पुडी स्वस्त का, ते तुमचं तुम्हालाच कळेल.