संकष्टीला कुलाबा किल्ला

प्रश्न : डिसेंबरात आम्ही अलिबागला जातोय. सासूबाईंना संकष्टीला कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यायचंय. त्यांचं वय ७२, गुडघे दुखतात. मागच्या खेपेला दुपारी तीनला किनाऱ्यावर पोहोचलो तर किल्ल्याभोवती पाणीच पाणी. पाणी कधी ओसरतं, हे आधी कसं कळणार?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. आमच्याकडे हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे आमची सुकती. शुद्ध असो की वद्य, गणित एकच. चतुर्थीची चार, पाऊणपट तीन. तीनला भरती! मागच्या वेळीही चतुर्थीच असणार, नेमक्या भरतीला पोहोचलात. तेव्हा सुकती सकाळी नऊला. एक मेख आहे. संकष्टी चंद्रोदयावर ठरते, त्यामुळे सकाळी कधी कधी तृतीयाच असते. मग पाऊण तास अलीकडे धरा. एरवीही अर्धा तास इकडेतिकडे होतोच, म्हणून किनाऱ्यावर एखाद्या कोळ्याला विचारून मगच पाण्यात पाय घाला. आणि अष्टमी-नवमीला जाऊच नका. तेव्हा भांग असते, पाणी धड ओसरत नाही.

आठच्या सुमारास निघा, साडेदहाच्या आत परत या. हे मी अनुभवाने सांगते. मी नववीत असताना पुण्याची मावशी आली होती. देवळात तिची आवर्तनं संपेनात. बाहेर आलो तर वाट गायब. मावशीने नऊवारीचा काष्टा वर खोचला, एका हातात माझा दंड, दुसऱ्या हातात प्रसादाचा नारळ. पाणी ढोपराच्या वर. वाटेतल्या खडकांवर कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. माझी चप्पल वाहून गेली आणि तळवा असा कापला की आठवडाभर टाचेवर चालले. तेव्हा स्लिपर नकोत, पट्ट्याच्या सँडल घाला.

सासूबाईंसाठी घोडागाडी करा. सुकतीला ती किल्ल्यापर्यंत नेते. आत गणेशाचं देऊळ १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, पंचायतन आहे. जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी. खारं पाणी चहूकडे आणि मध्ये हे गोडं, सासूबाईंना नक्की आवडेल. तुम्ही मात्र तटाजवळ जाऊन बघा. महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला हा किल्ला. दगड नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट फटींत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. फटीत हात घाला, आतला दगड भर उन्हातही ओला लागतो. मुलं असतील तर ती चाकांवरच्या तोफांपाशी रमतील. शेजारचा सर्जेकोट या खेपेला राहू द्या, गुडघ्यांना झेपणार नाही.

उपासाचा डबा आणि पाणी घरूनच न्या. घोडागाडीवाल्याला परतीची वेळ पक्की सांगा, आणि जाण्यायेण्याचे पैसे आधीच एकदम देऊ नका. अर्धे किनाऱ्यावर परतल्यावर द्या.