वजन तेच असलं तरी गोळी तीच नसते

शिशाऐवजी त्याच वजनाची तांब्याची गोळी चालेल का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी फरफट डोळ्यांसमोर उभी राहिली. तुमचा हरणाच्या शिकारीचा पहिलाच परवाना, .308 विंचेस्टर काडतुसाची रायफल, 150 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) शिशाच्या सॉफ्ट पॉइंटवर, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेल्या गोळीवर बसवलेला नेम, आणि आता परवान्यावर एक ओळ: फक्त शिसेमुक्त काडतुसं. दुकानदार म्हणतो, 150 ग्रेनचीच तांब्याची घ्या, काही फरक पडत नाही. परवाना देणारं कार्यालय उत्तरच देत नाही. अगदी हेच माझ्याही वाट्याला आलं होतं.

फरक पडतो, आणि तो जनावराला भोगावा लागतो. शिशाची घनता घन सेंटिमीटरला 11.3 ग्रॅम, तांब्याची साधारण 9. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर राहायला नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचं वळण, पुरेसा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तांबं कडक असतं. ते फुलायला, म्हणजे आत शिरल्यावर गोळीचं तोंड उघडून रुंद व्हायला, वेग लागतो. वेग कमी पडला की गोळी सुई टोचावी तशी फुफ्फुसांतून आरपार जाते. हरिण पळतं, रक्ताचा माग जवळजवळ नसतोच, आणि ते कुठेतरी झाडीत तासन् तास तडफडत मरतं. पूर्ण धातूच्या कवचाची, म्हणजे एफएमजे गोळी शिकारीला वापरायची नाही ती याचसाठी. 1899 च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. शिकारीत मात्र अनेक ठिकाणी कायदाच फुलणारी गोळी मागतो, आणि ते बरोबरच आहे.

माझं स्पष्ट मत: तांब्याकडे वळताना वजन एक पायरी खाली आणा. .308 मध्ये 130 ग्रेन घ्या. गोळी हलकी म्हणजे वेग जास्त, म्हणून ती भरवशाने फुलते. तांब्याच्या गोळीचे सहसा तुकडे होत नाहीत, त्यामुळे ती खोलवरही जाते. माझ्याकडे हरणाच्या पलीकडच्या कातडीखाली सापडलेली एक गोळी आहे. पुढचं तोंड चार पाकळ्यांत मागे वळलेलं, बूड जसंच्या तसं, वजनात नावाला घट. गोळीने असं काम केलं पाहिजे.

आता कार्यालयाबद्दल, कारण माझं सर्वांत मोठं नुकसान तिथेच झालं. नाव घेत नाही. मी लेखी विचारलं होतं की तांब्याचं कवच आणि आत शिसं असलेली, दोन्ही एकजीव केलेली गोळी चालेल का. बाहेरून ती तांब्याचीच दिसते. उत्तर आलं, "नियमानुसार काडतूस वापरावे." फोनवर एकाने हो म्हटलं, दुसऱ्याने नाही. हंगाम तोंडावर आला तेव्हा कळवलं की ती चालणार नाही, मंजूर यादीतलीच घ्या. यादी मागितली, तर ती अजून तयार व्हायची होती! हाताला लागली ती तांब्याची काडतुसं घेऊन 100 मीटरवर कागदावर झाडली. गोळ्या एकाच जागी जमत होत्या, पण नेमाच्या वीतभर खाली आणि डावीकडे. नेम पुन्हा बसवायला मैदानाची वेळ मिळेना. न पारखलेल्या काडतुसावर जनावर मारायचं नाही म्हणून मी गेलो नाही, आणि हंगाम हातचा गेला. एका ओळीच्या स्पष्ट उत्तराने हे टळलं असतं. ज्यांच्या हातात परवाने असतात त्यांना गोळीची जात माहीत नसावी, याची चीड आजही येते. तुम्ही आजच लेखी विचारा, गोळीचं पूर्ण नाव आणि वजन लिहून, "ही चालेल का, हो की नाही" असं.

कायद्यातल्या किमान आकड्यावरही विसंबू नका. जर्मनीत रो या लहान हरणापेक्षा मोठ्या खुरी जनावरांना किमान 6.5 मिलिमीटर व्यास आणि 100 मीटरवर 2000 जूल लागतात. .308 ची एफएमजे गोळीही हा ऊर्जेचा आकडा सहज ओलांडते. ऊर्जा आहे म्हणजे गोळी फुलेलच असं नाही.

अंतर ठरवताना खोक्यावरचा वेग तसाच धरू नका, तो बहुधा 24 इंची नळीचा असतो. नळी आखूड असेल तर इंचामागे साधारण 20-25 फूट प्रति सेकंद वजा करा. 150 ग्रेनची साधी .308 गोळी 2820 फूट प्रति सेकंद वेगाने सुटते आणि 300 यार्डांवर 2000 च्या आसपास येते. तांब्याच्या बऱ्याच गोळ्या याच सुमाराला फुलायला कुरकुरतात. उत्पादक फुलण्यासाठीचा किमान वेग सांगतो, तो बघा आणि आपली मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे ठेवा. पहिल्या हंगामात मी तर 150 मीटरपुढे बोट चापावर ठेवूच नका म्हणेन. रानडुकराचं गणित वेगळं, त्याच्या फऱ्यावरची चिवट ढाल लक्षात घ्यावी लागते, तो विषय स्वतंत्र विचारा.

मी बंदूक-कारागीर नाही, वकीलही नाही. तुमच्या भागातला नियम आणि तुमची नळी हेच अंतिम. आणि हो, तांब्याची पहिली गोळी झाडण्याआधी नळी धातूचा थर निघेपर्यंत साफ करा, नाहीतर गोळ्या विखुरतील आणि दोष उगाच काडतुसाला जाईल. जमल्यास एकाच लॉटची चार-पाच खोकी एकदम घ्या.