चहा पिणारी नायिका

प्रिय मित्रा,

खर्डा वाचला. थॅलेसेमिया, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार, असलेली १० वर्षांची नायिका घेतलीस हे आवडलं, पण पोरगी फारच शहाणी झालीय रे. आईचे डोळे काय पुसते, डॉक्टरांना धीर काय देते! अशा मुलीशी कुठलंही पोर गट्टी करणार नाही, लांबूनच नमस्कार करेल.

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार, असलेल्या मुलांना साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तारीख जवळ आली की हिमोग्लोबिन उतरतं, जिना चढताना धाप लागते, चिडचिड वाढते. रक्त चढलं की पुन्हा दंगा सुरू. कथानकाला हे आयतं कॅलेंडर मिळालेलं असताना तू ते वापरलंच नाहीस. शाळेच्या शर्यती नेमक्या तारखेच्या आदल्या दिवशी ठेवून बघ.

तिसऱ्या प्रकरणात शेजारच्या काकू ‘रक्त वाढतं’ म्हणून बीट-खजूर आणतात आणि आई ते कौतुकाने भरवते. तिथे गफलत झालीय. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. साचत गेलं की हृदय, यकृत बिघडतं, म्हणून तर लोह काढायचं औषध घ्यावं लागतं. काकूंचा खजूर आईने गोड बोलून फडताळात ठेवायला हवा. उलट जेवणाबरोबर चहा चालतो, कारण त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. म्हणजे अख्ख्या वर्गात चहाची परवानगी हिला एकटीला! तिला बशीत ओतून, फुर्र करत पिऊ दे, मैत्रिणी जळू देत. डॉक्टरांचं दीड पानी भाषण खुशाल काढून टाक.

भावाचं प्रकरण मात्र झकास. प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा गर) जुळण्याची शक्यता चारात एक. त्याची जुळत नाही, तो गाल फुगवून बसतो आणि ही त्याच संधीत त्याची रंगपेटी उकळते. हीच तुझी नायिका, पहिल्या पानापासून अशीच हवी.

शेवटी तिला मारलंयस ते कशाला? नियमित रक्त आणि औषधं मिळालेली मुलं मोठी होतात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात. रडवायला सोपं जातं म्हणून मारायचं असेल तर मला ते पटत नाही.

पुन्हा लिहायच्या आधी एखाद्या डे-केअर वॉर्डात रीतसर परवानगी काढून सकाळभर बसून ये. सुईच्या हाताला फळी बांधलेली असताना पोरं दुसऱ्या हाताने काय काय उद्योग करतात ते बघ. वही मात्र पिशवीतच राहू दे.

तुझा,
काका