वाचकांचे प्रश्न : खाते बंद होण्याची धमकी

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत असून पेढीचा सारा पत्रव्यवहार जीमेलवर चालतो. खात्याची जागा भरली आहे, २४ तासांत पडताळणी न केल्यास खाते बंद होईल, अशी मेल ‘जीमेल टीम’ या नावाने आली. लिंक उघडून पासवर्ड भरला, तर तो चुकीचा असल्याचे दिसले. पुन्हा भरताच नेहमीचे जीमेल उघडले. ही मेल खरी होती का?

उत्तर : नाही. पहिल्यांदा भरलेला पासवर्ड भामट्यांकडे गेला आणि तुम्हाला संशय येऊ नये म्हणून खऱ्या पानावर आणून सोडले, असेच यावरून दिसते. तेव्हा पासवर्ड आजच बदला, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज फोनवरूनही खात्री करून घेणे) सुरू करा आणि सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ व ‘फिल्टर’ अवश्य तपासा. कारण तिथे गुपचूप नियम घालून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमची पत्रे परक्याला मिळत राहतात आणि पुढे तुमच्या नावाने व्यापाऱ्यांना ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळवले जाऊ शकते. पैसे गेलेच असतील, तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रेषकाचे नाव कोणालाही हवे ते लावता येते. पाहायचा तो पत्ता, आणि तोही शेवटाकडून. पाकिटावर ‘सांगली रोड, मिरज’ असेल तर टपाल मिरजेलाच जाते. तसेच पत्त्यात आधी ‘गूगल डॉट कॉम’ येऊन पुढे, पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) आधी, आणखी एखादे नाव जोडलेले असेल, तर ते संकेतस्थळ त्या शेवटच्या नावाचे असते. शिवाय जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असलेली १५ जीबी मोफत जागा भरली तर नवी पत्रे येणे थांबते, खाते २४ तासांत बंद होत नाही. अशुद्ध मराठी ही पूर्वी हमखास खूण होती, आता भामटेही शुद्ध लिहू लागले आहेत.

पत्ता बरोबर दिसला तरी निर्धास्त होऊ नये. एप्रिल २०२५ मध्ये उघडकीस आलेल्या एका प्रकारात फसवी मेल चक्क गूगलच्याच ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून आल्याचे दिसत होते, तिची डिजिटल सहीही (मेल खरोखर त्या प्रेषकाची असल्याची तांत्रिक खूण) तपासणीत खरी ठरत होती आणि लिंक मात्र ‘गूगल साइट्स’ या, कोणालाही पाने बनवता येणाऱ्या सेवेवर उभारलेल्या बनावट पानाकडे नेत होती. म्हणून मेलमधील लिंकला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून खाते उघडावे. जागा खरोखरच भरली असेल, तर ते तिथे दिसेलच.