प्रवासप्रश्न: एकच शहर, सात दिवस आणि दोन मुले

प्रश्न: मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पतिपत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा असे चौघे युरोपला जाण्याच्या विचारात आहोत. गटसहलीत नऊ दिवसांत पाच देश पाहून होतात. मला मात्र मुलांची दमछाक न करता व्हिएन्नात सात दिवस निवांत राहावेसे वाटते. एवढा खर्च करून एकच शहर पाहायचे का, असा घरच्यांचा आक्षेप आहे. मुलांना सात दिवस पुरेल असे तेथे काय आहे आणि दिवस कसे आखावेत?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: घरच्यांचा हिशेब मोठ्यांपुरता कदाचित बरोबर असेल, परंतु पाच देशांच्या सहलीत साडेचार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला मुख्यतः बसची खिडकी आणि रोज सकाळी बांधली जाणारी बॅग येते. आपण व्हिएन्नालाच जावे, आणि तेथेही दिवसाला एकच ठिकाण ठरवून ते दुपारच्या जेवणाआधी पाहून संपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे पहिले कारण घड्याळाचे आहे. मे महिन्यात व्हिएन्ना मुंबईच्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे घरी सकाळी साडेसातला उठणारा मुलगा तेथे पहाटे चारलाच टक्क जागा होईल आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, बाहेर लख्ख ऊन असतानाच, पेंगू लागेल. पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळचा कोणताही कार्यक्रम ठरवू नये आणि पहाटेच्या भुकेची सोय आदल्या दिवशीच करून ठेवावी. तेथील बहुतेक दुकाने शनिवारी संध्याकाळी बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात. रविवारी काही मोठ्या स्थानकांतील दुकानेच उघडी सापडतात. त्यामुळे शनिवारी रात्री पोहोचणारे विमान शक्यतो टाळावे आणि हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर घ्यावे.

पहिला दिवस ट्रॅमला द्यावा. मुंबईतील शेवटची ट्रॅम १९६४ मध्ये धावली, तेव्हा आपल्या मुलांना, आणि बहुधा आपल्यालाही, हे वाहन नवेच असेल. जुन्या शहराभोवतीच्या रिंग नावाच्या रस्त्यावरून, मध्ये एकदा ट्रॅम बदलून, ऑपेरा, संसद, नगरभवन असा फेरफटका बसल्याजागी होतो. हा रस्ता जुन्या तटबंदीच्या जागी उभा आहे; ती पाडण्याचा हुकूम सम्राट फ्रान्झ योसेफने १८५७ च्या अखेरीस दिला. त्यानंतर काहीच वर्षांत गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात आपल्या फोर्टचा तटही पाडला गेला, हे मुलीला सांगितले तर चर्चगेटला ‘गेट’ का म्हणतात याचाही उलगडा होईल. सहा वर्षांखालील मुलांना तेथील शहर वाहतुकीत तिकीट लागत नाही. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना रविवारी, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी आणि तेथील शाळांच्या सुट्टीत प्रवास मोफत असतो, इतर दिवशी मुलीचे तिकीट काढावे. मेट्रोला, आपल्या लोकलप्रमाणेच, फाटक नाही. पण साध्या वेशातील तपासनीस कधीही समोर उभा राहू शकतो.

शनब्रुन राजवाड्यासाठी दोन सकाळी राखून ठेवाव्यात. तेथील उद्यानात १७५२ मध्ये सुरू झालेले आणि आजतागायत चालू असलेले, जगातील सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय आहे. राणीच्या बागेतील पेंग्विनवर खूश असलेली मुले तेथून लवकर निघणार नाहीत, म्हणून त्या दिवशी दुसरे काहीच ठरवू नये. राजवाड्याच्या दालनांत धाकट्याला नेण्याचा अट्टहास मात्र करू नये. दोघांपैकी एकाने त्याला बागेत खेळवावे (बागेत प्रवेश मोफत आहे) आणि दुसऱ्याने मुलीला आत न्यावे. १७६२ मध्ये सहा वर्षांच्या मोत्झार्टने याच राजवाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर वादन केले होते; सोन्याच्या नक्षीपेक्षा ही गोष्ट तिच्या अधिक लक्षात राहील.

पावसाच्या दिवसासाठी निसर्गविज्ञान संग्रहालय हाताशी ठेवावे. तेथे डायनासोरचे सांगाडे आहेत, उल्का आहेत आणि १९०८ मध्ये सापडलेली, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची, वीतभरही उंची नसलेली ‘विलेनडॉर्फची व्हीनस’ ही दगडी स्त्रीमूर्ती आहे. एकोणीस वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत असल्याने तासाभरात मुलगा कंटाळला तरी बाहेर पडताना मन खात नाही. मंगळवारी हे संग्रहालय बंद असते.

प्राटर बागेतील उंच पाळणा १८९७ चा, सुमारे पासष्ट मीटर उंच आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला आणि पुन्हा उभारताना तीसऐवजी पंधराच डबे बसवले. मुलांना ते मोजायला लावावेत. तो इतका सावकाश फिरतो की भित्र्या मुलांनाही चालतो. उरलेला एक दिवस डॅन्यूब नदीतील बेटावर घालवावा. पूर टाळण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात नदीला समांतर कालवा खणला आणि निघालेल्या मातीतून हे २१ किलोमीटर लांबीचे बेट तयार झाले. आज तेथे लोक सायकली चालवतात, पोहतात, नुसते पडून राहतात. आपणही तेच करावे.

व्हिसाबाबत थोडक्यात: ऑस्ट्रियासह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्याची गर्दी पाहता जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख घ्यावी. प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे, सहा वर्षांखालील मुलांना नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा प्रत्येकाला, मुलांनाही, लागतो.

प्रश्न: अशाच सहलीत आमच्यासोबत सासूबाई आहेत. त्या अंडेही खात नाहीत. त्यांच्या जेवणाचे काय करावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: तेथील उपाहारगृहांत ‘शाकाहारी’ म्हणजे मांस नसलेले, एवढाच अर्थ धरला जातो; पीठ आणि चीज यांचे पदार्थ, पॅनकेक, गोड पदार्थ यांत अंडे सर्रास असते, आणि निरुपद्रवी दिसणारे सूपही अनेकदा गोमांसाच्या पाण्यात केलेले असते. त्यामुळे प्रत्येक वेळी विचारावे. मेतकूट, भाजणी, डाळ-तांदूळ सोबत न्यावेत. मात्र तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेण्यास मनाई आहे. दही, लोणी, उत्तम पाव आणि फळे कोणत्याही दुकानात मिळतात. पाणी विकत घेऊ नये: १८७३ पासून डोंगरातील झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येते आणि ते थेट पिण्याजोगे असते. सासूबाईंना ते उकळून हवे असेल तर किटली भाड्याच्या घरात असतेच.