गाडीचे प्रश्न : पुढच्या ॲक्सलचे बुश

प्रश्न : माझ्याकडे जिप्सी (एमजी४१३डब्ल्यू) आहे. सहा महिन्यांपूर्वी पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सगळे रबर बुश, म्हणजे जोडातल्या रबरी नळ्या, बदलले. बसवताना इंजिन ऑइल लावलं होतं आणि गाडी लिफ्टवर असतानाच सगळे नट पूर्ण आवळले. आता पुन्हा ब्रेक मारला की 'टक्' असा आवाज येतो, गाडी डावीकडे ओढते आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याच्या) कडेने रबर फुगून बाहेर आलंय. गॅरेजवाले म्हणतात, माल डुप्लिकेट निघाला. तसंच असेल का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : मालही हलका असू शकतो, पण तुम्ही लिहिलेली दोन कारणं चांगल्या बुशचीही वाट लावायला पुरेशी आहेत.

आधी ऑइल. खनिज तेल आणि साधं ग्रीस नैसर्गिक रबरात मुरतं, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. शॅकलच्या कडेला तुम्हाला तेच दिसतंय. बुश सरकवायला साबणाचं पाणी वापरा. ते वाळून जातं आणि रबर मधून जाणाऱ्या लोखंडी पिनेला घट्ट धरून बसतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि आपल्याकडे निम्म्याहून अधिक बुश त्यामुळेच लवकर जातात, असं आमचं मत आहे. रबर बुश पिनेवर बेअरिंगसारखा फिरत नाही. आतून तो पिनेला धरतो, बाहेरून पाट्याच्या डोळ्याला (टोकाच्या गोल वळणाला), आणि पाटा हलला की मधलं रबर पिळलं जातं. नट आवळला त्या क्षणी शॅकलचा जो कोन असतो, तो त्या रबराचा 'शून्य' ठरतो. लिफ्टवर चाकं लोंबकळत असतात. तिथे नट आवळून गाडी खाली उतरवली की ती नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहतं. मग प्रत्येक खड्ड्याला पीळ आणखी वाढतो आणि रबर फाटतं किंवा पिनेवर घसरून झिजतं. बुश असा ढिला झाला की ब्रेक लावल्यावर ॲक्सलची ती बाजू मागे सरकते. तुमचा आवाज आणि गाडीचं ओढणं, दोन्हीचं मूळ तिथे असू शकतं. तरी डाव्या-उजव्या ब्रेकची पकड सारखी आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या.

आता काम पुन्हा करायचं ते असं. पुढच्या एका पाट्याला तीन जागा असतात : मागचा पक्का डोळा, पुढचा शॅकलकडचा डोळा आणि शॅकलची चॅसीवरची जागा. प्रत्येक जागी दोन अर्धे बुश, म्हणजे एका बाजूला ६ आणि दोन्ही बाजूंना मिळून १२ नग. नवे नटही घ्या. पिना आणि बोल्ट काढल्यावर हात फिरवून बघा. मधे कंबर पडली असेल तर तेही बदला, कारण झिजलेल्या पिनेवर नवा बुश धरत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजून अडकलेले असणारच, म्हणून आदल्या दिवसापासून दोन-तीनदा गंज सोडवणारं तेल मारा. मात्र नवे बुश लावण्याआधी ते पूर्ण पुसून काढा.

मागच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. चॅसी स्टँडवर घ्या, पुढची चाकं काढा आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली कधीही शिरू नका. ॲक्सलचं वजन ब्रेकच्या होजवर येता कामा नये. जॅक थोडा वर-खाली करत राहा. एका उंचीला पाट्यावरचा ताण निघून जातो आणि बोल्ट हाताने फिरायला लागतो. ती उंची सापडेपर्यंत हातोडा उचलायची गरज नाही. पुढे ठोकावं लागलंच, तर नट बोल्टच्या टोकाला समतल ठेवून त्यावर पितळी दांडा धरून ठोका, म्हणजे आटे खराब होत नाहीत.

एका वेळी एकच टोक सोडा. दुसरं टोक जागेवर असलं की ॲक्सल फिरत नाही आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट उघडावे लागत नाहीत. जुनं रबर कापून काढा, गॅसने जाळू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि तापवलेल्या पाट्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं. डोळा तारेच्या ब्रशने आतून साफ करा. डोळा उघडला असेल किंवा लांबट झाला असेल तर मुख्य पाटाच बदलावा लागेल, तिथे बुशचा इलाज नाही. दोन्ही अर्धे दोन बाजूंनी हाताने दाबून बसवा, शॅकलच्या पट्ट्या लावा आणि नट फक्त टेकेपर्यंत फिरवा.

मग चाकं लावून गाडी सपाट जमिनीवर उतरवा. बंपरवर जोर देऊन चार-पाच वेळा हलवा, थोडी पुढे-मागे ढकला आणि त्यानंतरच मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने नट आवळा. जिप्सी उंच असल्याने हे खाली झोपूनही जमतं. सुमारे ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

प्रश्न : रबराऐवजी पॉलीयुरेथेन बुश घालावेत का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : पाट्यांच्या गाडीत चालतील. ते तेलाने फुगत नाहीत आणि झिजही कमी होते. हे बुश मात्र खरोखर पिनेवर फिरतात, म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. ते धुऊन गेलं की करकर सुरू होते. शिवाय हादरे चॅसीपर्यंत जास्त पोचतात. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही रबरच सुचवू.

प्रश्न : जिम्नीचं स्टिअरिंग ७०-८०च्या वेगात खड्डा लागला की थरथरतं. पुढच्या ॲक्सलचे सगळे बुश बदलू का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सगळे एकदम नको. आधी टायरमधली हवा आणि बॅलन्सिंग बघा. मग गाडी जमिनीवर उभी ठेवून, इंजिन चालू करून, दुसऱ्या कुणाला तरी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि ॲक्सलला आडव्या धरणाऱ्या रॉडची, म्हणजे पॅनहार्डची, दोन्ही टोकं बघा. बोल्ट बुशमध्ये इकडेतिकडे सरकताना दिसला तर तिथले २ बुश बदला. तिथे काही नसेल तर चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक डावी-उजवीकडे वळतं त्या सांध्याचं, बेअरिंग तपासावं लागेल. खेळ गेला तर दोष हबच्या बेअरिंगचा. नुसता स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा भाग) बदलून थरथर थांबेल, पण मूळ दोष तसाच राहील.

लीडिंग आर्मचे (ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या लांब दांड्याचे) बुश गेलेच असतील तर ते प्रत्येक बाजूला ३ असतात : २ ॲक्सलकडे, १ चॅसीकडे. हे हाताने निघत नाहीत, हायड्रोलिक प्रेस लागतो. काढण्याआधी जुन्या बुशची दिशा आर्मवर खुणेने नोंदवा. रबरात खाचा असतील तर नवा बुश त्याच दिशेने बसला पाहिजे. दाबताना जोर बाहेरच्या लोखंडी नळीवरच द्या. आतल्या नळीवर दिला तर नवा बुश बसतानाच रबर सुटतं. एका वेळी एकच आर्म उतरवा आणि शेवटचं आवळणं इथेही चाकांवर वजन असतानाच करा.